काच बडय

इनासबाब गेल्याचं मला पोदेरानं, म्हणजे पाववाल्यानं, सांगितलं. पार्सेला आमच्या दारात रोजच्यासारखी सायकल टेकवून त्यानं चार उंडे माझ्या हातात ठेवले, टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि जाता जाता म्हणाला, "मांद्र्याचो तो इनास अँब्युलन्सवालो काल सांजे गेलो. तुमच्या वळखीचो आसलो न्हय?" मी मान हलवली. आतून बायको विचारत होती, कोण गेलं म्हणून. मी नुसतं नाव सांगितलं. इनासबाबांचं नाव आमच्या घरात निघायचं, पण त्यांच्याशी माझं काय होतं ते मी तिलाही पुरतं सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी दफनाला गेलो, मूठभर माती टाकली आणि परत आलो. तिथे दोघा-तिघांनी विचारलं, तुम्ही कुठले, कोण. "एका दवाखान्यात होतो आम्ही," एवढंच सांगितलं. नीट सांगायचं तर बराच वेळ लागला असता, आणि लोकांना घरी जायचं होतं.

गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू झालो. मुळगाव तिथून जवळच. दारावरून खनिजाचे ट्रक जायचे आणि मी सकाळी पुसलेल्या बाटल्यांवर दुपारपर्यंत तांबडी धूळ बसायची. मी स्वभावानं नीटनेटका, बायकोच्या भाषेत किरकिरा. दवाखान्याच्या मागेच मला एक खोली मिळाली होती. पहिल्याच पहाटे तोंड धुवायला बाहेर आलो तर शेडमधल्या अँब्युलन्समध्ये काचा वर करून एक माणूस ताठ बसलेला. हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले. मी जवळ जाऊन खाकरलो. हालचाल नाही. ड्रायव्हर किरिस्तांव आहे हे आदल्या दिवशी कळलेलं होतं, तेव्हा माझ्यासारख्याच्या मनात जो विचार यायचा तो आला. पाळीवरच्या सुशीला सिस्टरना मी म्हटलं, "तुमचो ड्रायव्हर गाडयेंतच न्हिदला. काल मातशी चड घेतली कितें?"

सिस्टर हसता हसता भिंतीला टेकल्या. "अरे देवा! इनासबाब थेंबाक लेगीत आफुडना. तो ओगी बसला."

ओगी म्हणजे गप्प. आमच्याकडे लहान मूल रडायला लागलं की त्याला 'ओगी राव' म्हणतात. इनासबाब मात्र हा शब्द जेवणखाणासारखा वापरायचे. "आज म्हजी ओगी बरी जाली." "काल ओगी चुकली, दीसभर तकली जाग्यार नासली." पहाटे साडेपाचला ते गाडीत जाऊन बसत. सहाला खाणीचा भोंगा व्हायचा. भोंग्याबरोबर डोळे उघडायचे, छातीवर क्रुसाची खूण करायचे, आणि बादली घेऊन गाडी धुवायला लागायचे. त्यानंतर दिवसभर तो माणूस कोणाच्याही कामाला जुंपलेला असायचा. पेशंट उचलायचा, म्हापशाच्या मोठ्या इस्पितळात नेऊन पोचवायचा, तिथे रांगेत उभं राहून त्याचा कागद काढून द्यायचा, परत येताना नातेवाइकांना गाडीत घालून आणायचं. यातलं गाडी चालवणं सोडलं तर बाकी काही त्यांच्या कामात बसत नव्हतं.

मला सुरुवातीला याची गंमत वाटायची. एकदा चहा पिताना मी चिडवलं, "इनासबाब, तुमचो देव फांतोडेर पांचांकच उठता काय?"

"तो न्हिदनाच," ते म्हणाले. "न्हिदतां तो हांव."

"मगे घरांत बसून करा. गाडयेंत कित्याक?"

"म्हज्या खोलयेंत पांच भुरगीं. थंय देव आयलो तरी ताका बसूंक सुवात ना." मग कप खाली ठेवून जरा गंभीर झाले. "आयक, दत्ता. जेजू फांतोडेर उठून दोंगरार एकटोच वतालो. पयलीं ओगी, मागीर लोक. आमचे दोंगर मायनिंगान खाल्ले, म्हणून हांव गाडयेंत बसतां."

मी हसलो. तेही हसले, पण सांगायचं राहिलेलं होतं ते सांगून टाकलं. "एक दीस तो असोच बसल्लो आसतना लोक ताका सोदीत आयले. तो उठलो आनी गेलो. मातशे रावात म्हणूंक ना. म्हणून तुका सांगून दवरतां. हांव बसल्लो आसतना कोण दुयेंत आयलो तर काच बडय. देवाक राग येना."

हे वाक्य त्यांनी दवाखान्यातल्या प्रत्येकाला सांगितलेलं होतं. डॉक्टरांना, सिस्टरना, झाडूवालीला. काच बडय. म्हणजे काचेवर थाप मार. नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यात त्याला ते ऐकावं लागायचं. डिझेलची गाडी सकाळी इंजिन तापवल्याशिवाय पळवली तर अर्ध्या वाटेत दगा देते, तसंच माणसाचं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण दारात दुयेंत, म्हणजे आजारी माणूस, आला तर थंड इंजिनावर निघायचं, मग काय व्हायचं ते होवो.

त्या अर्ध्या तासात ते काय करतात हे मला शेवंताआजीमुळे कळलं. ही मुळगावची म्हातारी. पायाला जखम होऊन ती चिघळलेली, डॉक्टरांनी म्हापशाला न्यायला सांगितलं, आणि आजी काही केल्या अँब्युलन्समध्ये चढेना. "ह्या गाडयेंत बसलो तो परतोन येना," असा तिचा हट्ट. मुलगा ओरडतोय, सून रडतेय. इनासबाबांनी त्या दोघांना बाजूला केलं, गाडीत मागे चढून तिथल्या बाकावर स्वतः बसले, सिस्टरकडून दोन कप चहा मागवला आणि एक खिडकीतून आजीला दिला. चहा संपेपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाले, "आये, हांव ह्या गाडयेंतल्यान दर दिसा परत येतां न्हय?" आजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हात पुढे केला.

तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, म्हातारीचं काय झालं कोण जाणे. तेव्हा ते म्हणाले, "बरी आसतली. सकाळीं तिचें नांव घेतलां." मग कळलं की गाडीतून नेलेल्या प्रत्येकाचं नाव ते विचारून घेत आणि पहाटे एकेक करून देवापुढे म्हणत. हिंदू, मुसलमान, खाणीवरचा परप्रांतीय, कोणीही. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. शेवंताआजी बरी होऊन आली आणि दर पावसाळ्यात त्यांना घरच्या वेलीवरचा भोपळा पाठवू लागली. चवथीला आम्ही सगळे गणपतीसाठी घरी पळायचो तेव्हा ते दवाखाना सांभाळायचे, नाताळला त्यांची पाळी मी करायचो. परत येताना ते डब्यातून दोदोल आणायचे, आणि मला तो फार गोड लागतो हे माहीत असूनही तोंडात घातल्याशिवाय सोडायचे नाहीत.

आता त्या सकाळीकडे यायला हवं. इतका वेळ मी तिच्या अवतीभवतीच फिरतो आहे.

त्याआधी माझ्या वडिलांबद्दल दोन ओळी. वडील पूजेला बसले की घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही. कोणी भेटायला आलं तर आई त्याला अंगणातच थांबवायची. देवासमोर बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, त्याच्या जवळून चालायचंसुद्धा नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. इनासबाबांनी मला शंभरदा सांगितलं असेल काच बडय म्हणून. पण खरोखर तशी वेळ आली नव्हती. सिस्टर बडवायच्या, मी कधी बडवली नव्हती.

काजूचे दिवस होते. सिंधुदुर्गातून मजूर यायचे, बागायतीत झोपडी घालून राहायचे आणि उजाडायच्या आधीच कंदील घेऊन खाली पडलेले काजू वेचायला लागायचे. त्या पहाटे एक नवरा आपल्या बायकोला दोन्ही हातांवर घेऊन आला. पाचोळ्यात हात घातला आणि साप चावला, घोट्याच्या नव्हे, मनगटाच्या वर. सोबत आणखी एक मजूर होता, दोघांनी आळीपाळीनं तिला आणलं होतं. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. आमच्याकडची सर्पदंशावरची लस संपलेली होती. डॉक्टरांनी सलाईन लावायला घेतलं आणि मला म्हणाले, "गाडी दाराशी आणायला सांगा."

मी धावत शेडकडे गेलो. काचा वर होत्या. इनासबाब बसले होते. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी प्रथमच इतक्या जवळून पाहिला. त्यावर एवढं समाधान होतं की माझा वर उचललेला हात तसाच राहिला. घड्याळात सहाला पाच मिनिटं कमी होती. मी स्वतःला सांगितलं, अजून सलाईन लागतंय, पेशंट बाहेर यायला वेळ आहे, आता भोंगा होईलच. आणि मी हात खाली घेऊन, चपला न वाजवता, काचेजवळ उभा राहिलो. वडिलांच्या पूजेच्या दारात उभा राहावा तसा.

डॉक्टर तिकडे दाराशी गाडीची वाट पाहत होते. मला वाटत होतं, ते तयार झाले की हाक मारतील. त्यांना वाटत होतं, गाडी येतेच आहे. भोंगा झाला, इनासबाबांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि माझ्या तोंडावरून त्यांना सगळं समजलं. क्रुसाची खूणही न करता त्यांनी गाडी सुरू केली.

अस्नोड्याच्या पुलापाशी त्या बाईनं प्राण सोडला.

इनासबाब गाडी घेऊन परत आले, तेव्हा तिचा नवरा उतरून दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला. त्यानं आरडाओरडा केला नाही. मालवणी माणूस, दमलेला, हातात बायकोची चप्पल. फक्त एवढंच विचारलं, "गाडी हयसरच होती मां? मग इतको येळ कित्याक लागलो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्याआधी इनासबाब पुढे झाले. "हांव प्रार्थनेक बसल्लों," ते म्हणाले. "चूक म्हजी."

आणि मी ओगी राहिलो. त्यांचाच शब्द, पण माझ्या वाट्याला आला तो असा.

डॉक्टर नंतर मला खासगीत म्हणाले, बागायतीतून इथे यायलाच त्यांचा तासभर गेला होता, पाच मिनिटांनी काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही. बरोबर आहे. कोणी सांगू शकत नाही, म्हणून तर ते सुटत नाही. इनासबाबांना वरून लेखी ताकीद आली. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि गाडी धुवायला गेले. मी दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. माझी नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं. ही कारणं आज लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

त्यानंतर त्यांनी पहाटेचं बसणं सोडलं नाही. पण आता दोन्हीकडच्या काचा पूर्ण खाली असायच्या. उन्हाळ्यात ट्रकांची धूळ त्यांच्या केसांवर बसायची, पावसात शेडच्या कडेनं झड यायची आणि उजवी बाही भिजायची. कुठेही पाऊल वाजलं, कुत्रं धावलं, झाडूवालीनं बादली ठेवली, की डोळे उघडे. कधी पाच मिनिटांत चारदा. माझ्या खिडकीतून मला ते सगळं दिसायचं. पूर्वी ते ज्या चेहऱ्यानं खाली उतरायचे तो चेहरा मला परत दिसला नाही. काम तेवढंच करायचे, किंबहुना जास्तच. पण 'आज ओगी बरी जाली' हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. काच बडय, असंही नंतर कोणाला सांगितलं नाही. बडवायला काच उरलीच नव्हती.

वर्षभरात मी खटपट करून पेडण्याकडे बदली घेतली. लोकांना सांगितलं, आईची तब्येत. पुढे इनासबाब निवृत्त होऊन आपल्या मूळ घरी मांद्र्याला आले. पार्सेहून मांद्रे किती लांब, स्कूटरवरून पंधरा-वीस मिनिटं. मासळी घ्यायला मी मांद्र्याला जायचो, त्यांच्या वाड्याच्या वाटेवरून जायचो आणि पुढे निघून यायचो. अशी अकरा-बारा वर्षं गेली. मीही निवृत्त झालो.

मग गेल्या पावसाळ्यानंतर बाजारात त्यांची सून जेनी भेटली. तिनं मला ओळखलं कसं ते ठाऊक नाही. म्हणाली, "पप्पाक बरें ना. तुमचें नांव काडटा मदीं मदीं. सकाळच्या पारार येयात, तेन्ना ताचें चित्त जाग्यार आसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. माडांमधलं बैठं घर, मागच्या अंगाला मुलानं पर्यटकांसाठी चार खोल्या बांधलेल्या. पुढे जुनं बलकांव, म्हणजे गोव्याकडची ओसरी, त्यात दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे. एका सोप्यावर इनासबाब बसले होते, बनियन आणि लुंगीत, अगदी वाळलेले. हात मांडीवर, डोळे मिटलेले. मी पायरीशी थांबलो. पाय आपोआप थांबले. मग माझं मलाच ते लक्षात आलं. मी पुढे होऊन खांबावर बोटांनी जोरात तीनदा वाजवलं.

त्यांनी डोळे उघडले. खांबावरच्या माझ्या बोटांकडे पाहिलं.

"आज बडयलें तुवें," ते म्हणाले.

मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. साठी उलटलेला माणूस, बाजारच्या पिशवीत तोंड घालून. रडता रडता जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. मी पाच मिनिटं उभा होतो, मी बडवली नाही, तुम्ही माझी चूक स्वतःवर घेतलीत आणि मी घेऊ दिली.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुजी चूक तुजी. ती हांवें घेवंक ना. हांवें म्हजी सांगिल्ली."

मी पिशवी खाली घेऊन त्यांच्याकडे पाहिलं.

"हांवें तुजीं पावलां आयकल्लीं, दत्ता. धांवत आयलो, आनी काचेकडेन रावलो. धांवत आयिल्लो मनीस उगीच रावना, हें माका कळटालें. पूण त्या दिसा ओगी इतली बरी जाल्ली... म्हणलें, बडयना न्हय, मगे आनीक मातशें." ते थांबले. श्वास पुरत नव्हता. "जेजूक सोदूंक आयले तेन्ना तो उठलो. माका सोदूंक तूं आयलो. हांव उठूंक ना."

एवढी वर्षं मी धरून चाललो होतो की त्या माणसानं मला वाचवायला खोटं सांगितलं. त्यानं खरं तेच सांगितलं होतं, आणि खरं बोलायचा राहिलो होतो तो मी एकटाच.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिचें नांव याद आसा तुका?"

मी आठवायला लागलो. मनगट आठवत होतं, मिटत चाललेल्या पापण्या आठवत होत्या, नवऱ्याच्या हातातली चप्पल आठवत होती. नाव आठवेना. कारण ते मी कधी विचारलंच नव्हतं. स्वतःची चूक मी एवढी वर्षं उगाळली आणि तीत त्या बाईचं नावसुद्धा नव्हतं.

"पार्वती," इनासबाब म्हणाले. "दर दिसा तिचें पयलें घेतां. आतां बस हांगा. ओगी."

मी समोरच्या सोप्यावर बसलो. डोळे मिटले. काय करायचं असतं ते मला येत नव्हतं, म्हणून नुसता बसलो. थोड्या वेळानं रेतीत पावलं वाजली. मी डोळे किलकिले करून पाहिलं. मागच्या खोल्यांतली एक गोरी पाहुणी होती, हातात पाण्याची रिकामी बाटली. आम्ही दोघे असे डोळे मिटून बसलेले पाहून ती बिचारी ओशाळली आणि पाय न वाजवता मागे फिरली.

"कम, कम," इनासबाबांनी हाक मारली.

ते खांबाला धरून उठायला लागले. मी झटकन पुढे झालो, म्हटलं, "तुमी बसा, हांव दितां तिका उदक."

"तूं बस," ते म्हणाले. "हांव उठतां."

तिच्या हातातली बाटली घेऊन ते भिंतीला धरत धरत आत गेले. दारातल्या अंधारात त्यांचं पांढरं बनियन थोडा वेळ दिसलं. मग आतून माठात लोटा बुडवल्याचा आवाज आला. ती पाहुणी पायरीशी उभी होती. मी परत डोळे मिटले आणि पार्वतीचं नाव घेतलं.